रंगाचा दुसरा हात

टाकी रिकामी करून एकोणीस दिवस झाले होते. कबूल केले होते बारा. टेकडीवरच्या त्या गोल पोलादी टाकीतून निम्म्या गावाला पाणी जायचं, आणि ते निम्मं गाव आता सकाळ-संध्याकाळ टँकरच्या मागे कॅन घेऊन उभं असायचं. तपासनीस बाईंचं घरही त्याच निम्म्यात होतं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

बाईंचं वय सत्तावन्न. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्या रंगाची तपासणी करत होत्या. रंग म्हणजे शोभेचा नव्हे. लोखंड आणि पाणी यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये द्यायचा तो. "पाणी भारी चिवट असतं," त्या नव्या माणसांना सांगायच्या, "सुईच्या टोकाएवढी फट मिळाली तरी त्याचं भागतं." कामगार त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे 'काटा', कारण उपकरणाचा काटा दाखवेल त्यापुढे त्यांच्याकडे कुणाचीच डाळ शिजत नसे. हे नाव बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

टाकीचं दुखणं जुनं होतं. तळाच्या पत्र्याला गंजाने खड्डे पाडले होते, काही तर बोट बुडेल एवढे. पत्रा बदलायचा तर टाकी निदान सहा महिने बंद राहिली असती. म्हणून तळावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, तिच्यात रेझिन जिरवायचं, त्यावर दुसरी चटई, पुन्हा रेझिन, आणि रुळाने दाबून दाबून एकूण एक बुडबुडा बाहेर काढायचा, असं ठरलं. सुकल्यावर तो थर पत्र्याला पत्र्यासारखाच आधार देतो, आणि त्याला गंज कसला तो चढत नाही. मुकादमाच्या टोळीने हे काम इतकं सुबक केलं होतं, की बाईंनी ठिणगीचं यंत्र सगळ्या तळावरून फिरवलं तेव्हा ते फक्त दोनदा किंचाळलं. बारीकसं भोक राहिलं असेल तिथे ते यंत्र किंचाळतं. दोन्ही भोकं मुकादमाने स्वतः गुडघ्यावर बसून बुजवली.

राहता राहिल्या भिंती. त्यांना रंगाचे दोन हात द्यायचे होते. पहिला झाला, आणि धुकं आलं.

धुकं टेकडीवर येऊन बसलं ते उठायचं नावच घेईना. नियम तसा साधा होता. हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला दव होतं, त्यापेक्षा भिंत निदान तीन अंशांनी गरम हवी. नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव भिंतीवर बसलेलं असतं, आणि नवा रंग जुन्या रंगाला धरण्याऐवजी त्या दवावरच बसतो. हवा कोरडी करणारी दोन यंत्रं आणली होती. त्यातलं एक तिसऱ्याच दिवशी बंद पडलं, आणि त्याचा सुटा भाग 'निघालाय, वाटेत आहे' असं रोज कुणीतरी फोनवर सांगत होतं.

बाई दिवसातून चार वेळा टाकीच्या बुडाशी असलेल्या गोल भोकातून वाकून आत शिरत. दोन तापमापक बसवलेली दांडी, एकाच्या टोकाला ओली वात. ती गोफणीसारखी गरगर फिरवायची, दोन्ही आकडे वाचायचे, तक्त्यावर बोट ठेवून दवाचं तापमान काढायचं आणि मग भिंतीला चुंबकाने चिकटवलेला तापमापक बघायचा. फिरवून फिरवून त्यांचा उजवा खांदा भरून आला होता.

"बाई, आज तरी?" मुकादम दर वेळी विचारायचा.

"सव्वा."

"सव्वा म्हणजे तीनच्या वाटेवरच आहे की."

"वाटेवर आहे, पोचलेला नाही. तुमच्या त्या सुट्या भागासारखा."

टोळी हसायची आणि पुन्हा टाकीच्या सावलीत पाय पसरून बसायची. मुकादम आणि बाई यांची ओळख बावीस वर्षांची. कुठलीही टाकी असो, तो मागणार आणि या नाही म्हणणार, हे ठरलेलंच. बाईंना त्याचा राग यायचा नाही. पण या खेपेला त्यांना हसू येईनासं झालं होतं.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. वय शहाऐंशी. दिवसातून दोनदा तरी चादर बदलावी लागायची, आणि चादर धुवायची म्हणजे पाणी. बाईंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी आधीच बेजार. ते कॅन घेऊन तीन मजले चढायचे, प्रत्येक मजल्यावर टेकायचे. टँकरच्या रांगेत लोक त्यांना ओळखून बोलायचे. "तुमच्या घरातूनच परवानगी अडलीय म्हणे?" ते घरी येऊन हे सगळं शब्द न शब्द सांगायचे, जणू टपालच पोचवतायत.

खालच्या मजल्यावरची वहिनी एकदा जिन्यात भेटली. दोन्ही हातांत बादल्या. "ताई, तुमच्याच हातात आहे ना सगळं? मग द्या ना एकदाचा रंग फासून. आत कोण बघायला जातंय?"

"मी जाते," बाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर वाटलं, एवढं तोडून नको होतं बोलायला. पण वहिनी तोवर वर गेली होती.

सात महिन्यांत बाई निवृत्त होणार होत्या. एरवी हा आकडा त्या कुणाला सांगत नसत. हल्ली मात्र टाकीत शिरताना भोकाच्या कडेला धरून कंबर वाकवली की तो आपोआप मनात यायचा.

गुरुवारी सकाळी यजमान दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरून पडले. कॅन फुटला, पाणी तळमजल्यापर्यंत वाहत गेलं, आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. बाईंना टाकीवर फोन आला. त्या धावत गेल्या. दवाखान्यात हात धुवायच्या नळाला पिशवी बांधून ठेवली होती. मनगटाला फळी बांधणारी परिचारिका बाटलीतलं पाणी थेंब थेंब कापसावर घेत होती. "प्लॅस्टर उद्या करू," ती म्हणाली. "टेकडीवरची टाकी सुरू होईना झालीय ना, आमचे हाल कुत्रं खाईना." बाईंच्या अंगात खात्याचा गणवेश होता. ती त्यांच्याकडे बघूनच बोलली, की सहज, ते कळलं नाही.

यजमानांना घरी आणलं, जिन्यातून धरून धरून वर चढवलं. सासूबाईंची चादर सकाळपासून तशीच होती. उरलेल्या अर्ध्या बादलीत ती भिजत घातली. "झाली का गं तुझी टाकी?" सासूबाईंनी विचारलं. त्या रोज विचारायच्या. बाई म्हणाल्या, "होईल, आई." आणि शेजारणीला बसवून पुन्हा टेकडी चढल्या. चार वाजताचं मोजमाप राहिलं होतं.

टाकीत दिवे लागले होते. बाईंनी दांडी फिरवली. ओला, कोरडा, तक्ता. दव अकरावर. भिंत तेरावर.

"दोन," त्या म्हणाल्या.

"दोन!" मुकादम पुढे आला. "अहो बाई, आठ दिवसांत पहिल्यांदा दोन. आणखी तासाभरात धुकं पुन्हा खाली बसेल, मग गेलं. एकच अंश तर कमी आहे. रंग कालवायला घेऊ?"

बाईंनी खिशातून पेन काढलं. रोजचा एक कागद असायचा, त्यावर चार मोजमापांचे चार चौकोन. चौकोनात नुसता फरक लिहायचा; शेवटचा चौकोन रिकामा होता. त्यांनी तिथे लिहिलं, तीन. खाली सही केली.

"घ्या कालवायला," त्या म्हणाल्या.

मुकादमाने कागदाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तो वळला आणि टोळीला हाका मारू लागला.

अंधार पडायच्या आत दुसरा हात देऊन झाला. बाई शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्या थांबल्या नाहीत असं पहिल्यांदाच झालं. त्या घरी आल्या, भिजलेली चादर पिळली आणि बसल्या जागी झोपल्या.

शुक्रवारचा दिवस प्लॅस्टरमध्ये गेला. त्याच दिवशी मोठ्या साहेबांनी जाहीर करून टाकलं, की पुढच्या शुक्रवारी पाणी सुटेल. रंग सुकून पक्का व्हायला आठवडा लागतो, तेवढा धरून. साहेब वयाने बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी फोन केला. "बाई, सुटलो बुवा. टोळी जायच्या आत शनिवारी तेवढी पकड तपासून कागद द्या म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता."

पकड तपासायची म्हणजे धारदार पात्याने रंगावर फुली मारायची, तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. रंग भिंतीला राहिला तर पास, पट्टीबरोबर आला तर नापास. तीन ठिकाणी करायचं. कुठली तीन ठिकाणं, हे तपासनिसाने ठरवायचं.

शनिवारी सकाळी बाई आत गेल्या तेव्हा टाकी बघण्यासारखी दिसत होती. वरपासून खालपर्यंत फिकट, गुळगुळीत, कुठे ओघळ नाही. मुकादम हातदिवा घेऊन मागे होता. बाहेर टोळी सामान बांधत होती. त्यांना सोमवारी दुसऱ्या गावी दुसरं काम होतं.

बाईंनी दक्षिणेकडच्या भिंतीवर पहिली फुली मारली. तिकडे दिवसभर जरा तरी ऊन लागायचं. पट्टी ओढली, रंग जागचा हलला नाही. दुसरी फुली पूर्वेला. तिथेही पकड घट्ट.

"तिसरी इथेच शेजारी घ्या," मुकादम हळूच म्हणाला. दिवा त्याने पूर्वेकडेच धरला होता.

बाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. इथे फुली मारली असती तर नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. कागद पुरा झाला असता. रंग दोन वर्षांनी सुटला असता, कदाचित तीन. तोवर त्या घरी बसलेल्या असत्या. गंज पुन्हा लोखंड खात सुटला असता आणि एखाद्या सकाळी कुणाच्या तरी नळाला तांबडं पाणी आलं असतं. हे सगळं त्यांना दिसत होतं, आणि तरी पाय उचलत नव्हता. मोठा धीर गोळा करावा वगैरे असं काही त्यांना वाटलं नाही. इतकंच वाटलं, की त्या पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जायचं म्हणजे फार लांब आहे.

मग त्या चालत गेल्या. मुकादम दिवा घेऊन मागे आला.

उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवला तर बोटांना मेणचटपणा लागला. फुली मारली, पट्टी दाबली, ओढली. रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा पट्टीबरोबर निघून आला, उकडलेल्या बटाट्याची साल यावी तसा. खाली पहिला हात स्वच्छ दिसत होता. बाईंनी आणखी चार ठिकाणी करून बघितलं. चारही ठिकाणी तेच. भिंतीचा एक तृतीयांश भाग असाच होता.

"खरवडावं लागेल," बाई म्हणाल्या. "घासून, धुऊन, वाळवून पुन्हा."

मुकादमाने दिवा खाली ठेवला. "टोळीला काय सांगू?"

"मी सांगते. चूक माझी आहे."

साहेबांच्या खोलीत त्यांनी पापुद्रा टेबलावर ठेवला आणि बसायला सांगायच्या आत बोलून टाकलं. "गुरुवारी फरक दोन होता. मी तीन लिहिला."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही?" ते म्हणाले. "बाई, दुसरं कुणी असतं तर... तुम्ही?"

"हो."

"पाणी शुक्रवारी सोडतो म्हणून मी सगळीकडे सांगून बसलोय. आता मी कुठल्या तोंडाने..." त्यांनी पापुद्रा उचलला, दुमडून बघितला. "दोन जागी पास झालंय ना? तिसऱ्या जागेचं काय ते मला कशाला सांगितलंत?" हे बोलून त्यांचे तेच ओशाळले आणि खिडकीकडे बघू लागले. "पुन्हा करायला किती दिवस?"

"यंत्राचा भाग आला तर चार. मग सुकायला सात."

"चौकशी लावावी लागेल, समजतंय ना? आणि तुम्हाला कामावरूनही काढता येत नाही, दुसरा तपासनीस आणू कुठून? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!" साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "जा, करा काय करायचं ते. पण या वेळी आकडा माझ्यासमोर वाचायचा."

घरी बाईंनी यजमानांना सांगितलं. ते खुर्चीत बसून होते, प्लॅस्टर मांडीवर.

"लिहिलं होतंस ना तीन? मग राहू द्यायचं होतंस," ते म्हणाले. "कुणाला कळणार होतं?"

"मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं." त्यांनी मान हलवली. "आणखी अकरा दिवस कॅन कोण चढवणार, हेही माहीत होतं ना?"

"मी चढवीन."

"तू? पन्नाशी कधीच उलटली तुझी. आरशात बघ एकदा." आवाज चढला तसे ते थांबले. मग दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताने पाच लिटरचा छोटा कॅन घेऊन एकेक खेप करू लागले. तेव्हापासून त्या घरात कामापुरतेच शब्द होते.

यंत्राचा भाग रविवारी खरंच आला. टोळीने बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. दुसऱ्या गावचं काम पुढे ढकललं गेलं, म्हणून दोघेजण बाईंकडे न बघता काम करत होते. एक तर मोठ्याने म्हणालाच, "काटाच मोडला, आता तोलायचं कशावर?" बाईंनी ऐकलं. त्यांनीही खरवडणी घेतली आणि एका कोपऱ्यात खरवडायला बसल्या. ते त्यांचं काम नव्हतं. तोंडावर फडका, डोळ्यांवर चष्मा, आणि भिंतीवरून सुटणारी रंगाची सालं.

दुपारी मुकादम त्यांच्याजवळ येऊन बसला. वाटीभर चहा त्याने पुढे केला.

"एक बोलू?"

"बोला."

"बावीस वर्षं मी तुमच्याकडे मागत आलोय. दीड असला तरी मागायचो, अर्धा असला तरी मागायचो. टोळी बसून असते, माणसं घरी जायला टेकलेली असतात, मागावं लागतं." त्याने हातातली खरवडणी उलटसुलट केली. "पण मी निर्धास्त मागायचो. बाई नाही म्हणणार, हे पक्कं असायचं. माझ्या वाटणीचं 'नाही' तुम्हीच म्हणत होतात. गुरुवारी तुम्ही हो म्हणालात आणि ते म्हणायला कुणीच उरलं नाही. मलाही दिसत होता ना आकडा. मी थांबवायला हवं होतं. पण थांबवायची मला सवयच नाही."

बाईंनी चहा संपवला. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"नाही वाटलं," मुकादम म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या रात्री जेवलो नाही."

संध्याकाळपर्यंत शेजारी शेजारी बसून त्यांनी हातभर रुंदीची भिंत साफ केली.

चौथ्या दिवशी फरक साडेचार होता. साहेब स्वतः भोकातून आत आले, कोपर खरचटून घेतलं, आणि बाईंनी आकडा मोठ्याने वाचला. उत्तरेच्या भिंतीला दुसरा हात पुन्हा दिला गेला. या वेळी बाई शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत आत होत्या. सात दिवसांनी पाच ठिकाणी फुल्या मारल्या. पाचही ठिकाणी पट्टी कोरी आली.

पाणी सुटलं ते दुपारी. नळांनी आधी नुसती हवा ओकली, खोकल्यासारखे आवाज काढले, गढूळ पिचकाऱ्या मारल्या आणि मग धार धरली. इमारतीत कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. लोकांना राग आलेला होता आणि तो पाण्याने लगेच जाणारा नव्हता. जो तो भांडी भरायच्या मागे होता. बाईंनी पाणी तापवलं, सासूबाईंना टेकवून बसवलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचे केस धुतले. यजमान दाराशी उभं राहून एका हाताने तांब्या पुढे करत होते. "जास्त गरम नाही ना आईला?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी ते बाईंशी आपण होऊन बोलले ते एवढंच, पण बोलले.

चौकशी महिन्याभराने झाली. चौकशी करणारे गृहस्थ मुख्य कचेरीतून आले होते. सभ्य माणूस, पुढ्यात छापील तक्ता. बाईंच्या एकतीस वर्षांच्या कामाचे कागद त्यांनी चाळले होते, हे दिसत होतं.

"चुकीचा आकडा लिहिला जाण्याचं कारण?" त्यांनी विचारलं.

"थकले होते," बाई म्हणाल्या.

गृहस्थ पेन थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. "बाई, हे कारण म्हणून चालणार नाही. मी 'अनवधानाने' असं लिहितो. तुम्हालाही सोपं जाईल. पुढचं निवृत्तीचं वगैरे सगळं सुरळीत होईल."

"अनवधान नव्हतं. मला दोन दिसत होते. दोन दिसत असताना मी तीन लिहिले."

"पण का?"

बाईंनी विचार केला. नवऱ्याचं मनगट, चादर, दवाखान्यातला नळ, वहिनीच्या बादल्या, हे सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण तशा चादरी आणि तशा बादल्या निम्म्या गावाच्या घरी होत्या, आणि आकडा लिहायचं काम एकट्या त्यांचं होतं.

"थकले होते, एवढंच," त्या म्हणाल्या. "तेच लिहा."

गृहस्थांनी निःश्वास टाकला आणि तेच लिहिलं. बाईंनी वाचून खाली सही केली.

सहीचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतला गेला. उरलेल्या महिन्यांसाठी त्यांना जुने नकाशे लावायच्या खोलीत बसवलं. तिथे कुणी काही मागायला येत नसे. पहिल्या दिवशी बाईंनी तीन कपाटं उघडून बघितली, एका नकाशाची घडी सरळ केली, आणि खुर्चीत बसल्या. दुपारी शिपाई चहा घेऊन आला तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या. त्याने चहावर बशी झाकली आणि दार हळूच ओढून घेतलं.